परदेशात नोकरी, गावाकडचा कर

जुन्नर-आंबेगावातून परदेशी गेलेल्यांनी दरवर्षी ध्यानात ठेवायच्या गोष्टी :

● शेती : ओतूरचा कांदा असो वा नारायणगावचा टोमॅटो, शेतीच्या उत्पन्नावर भारतात प्राप्तिकर नाही. जमीन खंडाने दिली तरी तो खंड शेती उत्पन्नातच धरला जातो. सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवा.

● भाडे : मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो. मंचरच्या गाळ्याचे भाडे १२,००० रुपये असेल, तर उपकरासह ३१.२ टक्के दराने ३,७४४ रुपये कापले जातात. एकूण कर कमी बसत असेल, तर जादा रक्कम विवरणपत्र भरल्यावरच परत मिळते.

● बँक : गावाकडचे जुने बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. त्याच्या व्याजावर कर लागतो; एनआरई खात्याचे व्याज अनिवासींना करमुक्त आहे.

● तारीख : व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै. भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा.

● तिकडचा हिशेब : अमेरिकेचे करनिवासी असाल तर इथले भाडे, व्याज, शेती उत्पन्न तिथेही दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराची वजावट करारानुसार मागता येते.

● घरपट्टी : घर बंद असले तरी ग्रामपंचायतीची घरपट्टी चुकत नाही.

ही कामे थकलेल्या आईवडिलांवर टाकू नका. सुट्टीत गावी याल तेव्हा जाणकार कर सल्लागाराला भेटून कागद नीट लावून घ्या.