कुंभाराची मडकी आणि माझी महाकादंबरी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे, याविषयी आमच्या रामबागेत दोन मते नाहीत. सकाळी फिरावे, दुपारी निजावे, आणि संध्याकाळी एखाद्या व्याख्यानाला जाऊन मागच्या खुर्चीवर पुन्हा निजावे. हे सारे मी इमानाने करून पाहिले. त्यातून उरणाऱ्या वेळात मी जे करतो ते सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग काळजीने माझ्या तोंडाकडे पाहतो. मी पाच खंडांची एक अद्भुत कादंबरी लिहीत आहे. तीत चेटूक आहे, शापित तलवार आहे, उडता सर्प आहे. आणि तिचे मूळ कुठल्याही पुराणात नसून संगणकावरच्या एका खेळात आहे.

दोष असलाच तर तो माझ्या भाच्याचा. 2012 च्या उन्हाळ्यात तो हैदराबादेहून सुटीला आला. वय चौदा, शाळा इंग्रजी. मामाशी बोलायला मराठी पुरे, वाचायला मात्र अपुरे. दुपारच्या उकाड्यात त्याने माझ्या संगणकावर ‘अल्टिमा’ नावाच्या खेळाचा चौथा भाग बसवला. खेळ 1985 सालचा, म्हणजे त्याच्यापेक्षा वयाने मोठा. चित्रे पाहाल तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. मी म्हटले, हे काय पोरखेळ! आणि रात्री दोन वाजता सौभाग्यवतींनी दिवा मालवला तेव्हा आम्ही दोघे एका गुहेत मशाल शोधत होतो.

या जातीच्या खेळात खेळणारा एखादे सोंग घेतो. योद्धा, मांत्रिक, भाट, ज्याला जे रुचेल ते. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. तो मेजाभोवती बसून, फासे टाकून आणि मुख्यतः तोंडाने बोलून खेळायचा. पुढे तोच संगणकात शिरला. रिचर्ड गॅरिअटच्या आधीच्या खेळांत लोक जिंकण्यासाठी दुकाने लुटीत, निरपराध गावकऱ्यांना मारीत. ते त्याच्या ध्यानात आले, आणि चौथ्या भागात त्याने मोठी मौज केली. मारण्यासाठी दुष्ट राजाच ठेवला नाही! प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, अशा आठ गुणांचा मूर्तिमंत आदर्श व्हायचे, एवढेच ध्येय. अशा माणसाला त्याने नाव दिले ‘अवतार’. आपलाच शब्द, पण सातासमुद्रापलीकडून परत आलेला.

त्या खेळात औषधी मुळ्या विकणाऱ्या आंधळ्या बाया आहेत. किंमत त्या सांगतात, नाणी आपण मोजून ठेवायची. भाचा म्हणाला, “मामा, तिला दिसत नाही. एकच नाणे ठेवू.” मी, तीस वर्षे रोख खिडकीवर बसलेला माणूस, चक्क हो म्हणालो. बाईने निमूट मुळ्या दिल्या. पुढे राजवाड्यातल्या द्रष्ट्याला आमची प्रगती विचारली, तेव्हा प्रामाणिकपणाच्या खात्यावर त्याने आमची पुरती कानउघाडणी केली. यंत्राने सारे टिपून ठेवले होते! मला त्या रात्री खरोखर झोप आली नाही. कादंबरीचे बीज पडले ते त्या रात्री.

खेळातून कादंबरी निघते, ही कल्पना मी काढली असे कोणी समजू नये. रेमंड फीस्ट याची ‘मॅजिशियन’ ही कादंबरी 1982 ची. तिचे जग तो आणि त्याचे मित्र कॅलिफोर्नियात विद्यार्थी असताना खेळता खेळता उभे राहिले होते. त्या कादंबऱ्यांच्या जगावर 1993 साली ‘बिट्रेयल ॲट क्रॉन्डर’ हा संगणकाचा खेळ निघाला, आणि 1998 साली फीस्टने त्या खेळावरून पुन्हा कादंबरी लिहिली. नात, आजी आणि पुन्हा नात! जपानात तर याहून गंमत. र्‍यो मिझुनो आणि त्याची मंडळी मेजाभोवती खेळत, आणि त्यांचे संवाद 1986 पासून एका मासिकात जसेच्या तसे छापले जात. त्यातून ‘लोडोस’ बेटाची सात खंडांची कादंबरी झाली. तिच्यातली वनकन्या डीडलिट जपानभर लोकांच्या गळ्यातला ताईत झाली. खेळात तिची भूमिका हिरोशी यामामोटो हा बाप्या करीत असे. बालगंधर्वांना पाहिलेली पिढी आज इंदुरात असती, तर तिला यात नवल वाटले नसते.

आणि आपल्या माळव्यात राहून हिंदीकडे डोळेझाक कशी करावी? देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ 1888 ची. खत्रींनी नौगढ-चकियाच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले आणि दऱ्या त्यांनी डोळ्यांत साठवल्या, आणि त्यांतून तिलिस्म रचले. बंद दारे, फिरते पुतळे, कोड्यात दडवलेल्या किल्ल्या. आजच्या खेळांतली भुयारे याहून वेगळी नाहीत. मीही तेच केले. माझ्या काल्पनिक देशाचा नकाशा बँकेच्या रद्दी कागदांच्या पाठीवर काढला, आणि काढता काढता तो माळवाच झाला. पठाराच्या कडेवर ओसाड मांडू, खाली नर्मदा, तिच्या काठी महेश्वराच्या घाटांची राजधानी. नावे तेवढी बदलली.

पहिल्या खंडाची चारशे पाने झाली. माझा नायक रुद्रसेन गावोगाव हिंडे, घराघरांत शिरे, कपाटे उघडी, मडकी फोडी आणि आतली नाणी घेई. ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या खेळांत ही रीतच आहे, घरधनी समोर उभा असतो आणि हूं की चूं करीत नाही. मला त्यात वावगे दिसले नाही. पुण्याच्या एका प्रकाशकांनी “असल्या कादंबऱ्यांना मराठीत वाचक नाही” असे दोन ओळींत कळवून बाड परत केले. मी रागावलो. 1861 साली हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ वाचली ती काय भुतांनी? त्याच तोऱ्यात बाड सौभाग्यवतींपुढे टाकले.

त्यांनी दोन दिवसांत वाचून काढले, आणि भाजी निवडता निवडता विचारले, “अहो, हा तुमचा रुद्रसेन परक्याच्या घरात शिरून मडकी फोडतो. त्याला कोणी विचारीत नाही?”

मी म्हटले, “खेळात तशीच पद्धत असते.”

“खेळात असेल. पण हे पुस्तक आहे ना? त्या कुंभाराची बायको काय करीत होती मग?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खेळात आपण स्वतः मडके फोडतो, हाताला चाळा असतो, म्हणून कुंभार दिसत नाही. कागदावर हात रिकामा असतो, म्हणून कुंभाराचे तोंड दिसू लागते. मरणाचेही तसेच. खेळात मेलो की जपून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा उठायचे. रुद्रसेनही तीनदा मरून तीनदा उठला होता, आणि चौथ्यांदा तो मरेल याची वाचकाला कवडीचीही चिंता उरली नव्हती. शक्ती किती, प्राण किती, याचे आकडे मी प्रकरणाच्या आरंभी चौकटीत देत असे. कारकुनाची सवय, दुसरे काय! आंधळ्या बाईचे एक नाणे ज्याच्या मनाला लागले, त्यानेच चारशे पाने बिनबोभाट लूटमार लिहिली होती. सव्वातीनशे पाने मी बाजूला काढली. फाडली नाहीत, तेवढे धैर्य नव्हते, माळ्यावर आहेत.

नव्या पहिल्या खंडात एकच गाव आहे. रुद्रसेन एक मडके फोडतो, त्यात लग्नासाठी साठवलेले पैसे निघतात, तो ते घेतो. पुढचे सारे त्यातूनच घडते. उडता सर्प आता तिसऱ्या खंडात येईल, आला तर.

एक अडचण मात्र उरली आहे. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो भाचा आता बंगळुरात नोकरी करतो, आणि मराठी छापील पान पाहिले की त्याला धाप लागते. इंग्रजीत लिहा, असे मला सुचवणारे पुष्कळ आहेत. पण कुंभारणीच्या शिव्या मला इंग्रजीत येत नाहीत. तेव्हा शनिवारी रात्री नऊ वाजता मी दूरध्वनी लावतो आणि एक प्रकरण वाचून दाखवतो. तो ऐकतो की भांडी घासतो, कळत नाही; मागे नळाचा आवाज येत असतो.

गेल्या शनिवारी मी मडक्याच्या प्रसंगाशी पोचलो. वाचून झाल्यावर पलीकडे नळ बंद झाला.

“मामा, ती आंधळी बाई आठवते?” तो म्हणाला. “मग हा पैसे परत कधी देतो?”

ते मी अजून लिहिलेले नाही. पुढच्या शनिवारी सांगतो, म्हटले.