व्हर्डाचिओ : पॅकेजांची आपल्याजवळची प्रत

२२ मार्च २०१६ रोजी जगभरातल्या अनेक प्रोग्रामरांची कामं एकाएकी अडली. ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा तुकडा, त्याच्या लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट-पॅकेजांच्या व्यवस्थेच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरून काढून घेतलं होतं. मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी अक्षरं भरायची, एवढंच त्याचं काम. पण ‘बेबेल’सारखी मोठी साधनं त्याच्या आधारानं उभी होती. एनपीएमनं काही तासांतच ते परत आणलं. तोवर आपण कुणाकुणावर विसंबून आहोत हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

ज्यावर रोजचं काम चालतं, त्याची एक प्रत आपल्या हाताशी असावी. ‘व्हर्डाचिओ’ हा मुक्तस्रोत सर्व्हर नेमकं हेच करतो. ‘सिनोपिया’ या प्रकल्पाची देखभाल थांबली, तेव्हा त्याच्याच कोडमधून हा उभा राहिला. तो नोड-जेएसवर चालतो. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही. डिस्कवरचा एक फोल्डर आणि एक कॉन्फिग फाइल यांवर छोट्या टीमचं भागतं.

डेव्हलपरनं आपल्या एनपीएमला रजिस्ट्री म्हणून या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. पोर्ट सहसा ४८७३. पॅकेज मागितलं की सर्व्हर आधी स्वतःचा साठा बघतो. तिथं नसेल तर सार्वजनिक रजिस्ट्रीवरून आणतो, देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. दुसऱ्यानं तीच आवृत्ती मागितली की ती ऑफिसातल्याच नेटवर्कवरून मिळते. अख्खी रजिस्ट्री तो उतरवत नाही; कुणीतरी मागितलं तेवढंच साठतं. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी साठवलेलं मिळत राहतं.

कंपनीची खासगी पॅकेजंही इथंच ठेवता येतात, आणि इथं दक्षता हवी. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात ॲलेक्स बिरसान या सुरक्षा-संशोधकानं कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांचीच नावं वापरून सार्वजनिक रजिस्ट्रीवर पॅकेजं टाकली आणि ॲपल, मायक्रोसॉफ्टसह ३५हून अधिक संस्थांच्या यंत्रणांत आपला कोड चालवून दाखवला. म्हणून कॉन्फिगमध्ये कंपनीच्या नावानं सुरू होणाऱ्या पॅकेजांसाठी बाहेर विचारणा होणार नाही, असा नियम घालावाच.

साठवलेली प्रत सुरक्षित असेलच असंही नाही. बाहेर दूषित आवृत्ती आली आणि कुणी ती मागितली, तर तीही साठ्यात येते. बाहेरून ती काढून टाकल्यावरही आपल्याकडे राहू शकते. ती शोधून पुसावी लागते.

साठ्यातलं काय पुन्हा मिळू शकतं, यावर बॅकअपचा विचार ठरतो. बाहेरून आणलेलं बहुतेक सगळं पुन्हा आणता येतं, पण खासगी पॅकेजं कदाचित जगात फक्त याच डिस्कवर असतात. सर्व्हर अर्ध्या तासात उभा करता येतो, पण त्यानंतरची कित्येक वर्षं तो सांभाळावा लागतो. तेव्हा तो सुरू करण्याआधी टीमनं एका माणसाकडे ही जबाबदारी सोपवावी आणि तिच्यासाठी त्याला कामाच्या वेळातला वेळ द्यावा.