रात्री साडेबाराचे किरण

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा. पृथ्वीजवळून घातक कॉस्मिक किरण जाणार आहेत. नासा आणि बीबीसीची बातमी आहे. सर्वांना कळवा.’ हा मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेलच. माझ्याकडे तो आजवर निदान चार वेळा आलाय. एकदा त्यात सिंगापूरच्या टीव्हीचा हवाला होता, एकदा किरण थेट मंगळावरून निघाले होते! तारीख मात्र कधीच नसते. नुसतं ‘आज रात्री’. त्यामुळे तो कधी शिळाच होत नाही.

हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या गोखलेनगरच्या बचत गटातल्या एका मावशींनी तो मेसेज वाचून फोन बंद केला आणि डब्यात घालून माळ्यावर ठेवला. त्याच रात्री हडपसरला त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. नवमा महिना, नवरा रात्रपाळीला. पोरगी दोन वाजल्यापासून आईला फोन लावत होती. शेवटी शेजारणीने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण मावशींना ते सकाळी सहाला कळलं. ‘ताई, किरण आले का गेले ते देवाला ठाऊक, माझी लेक मात्र एकटी गेली,’ असं म्हणून त्या रडल्या, ते माझ्या मनातून जाईना.

मी समाजशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. भौतिकशास्त्राला दहावीतच रामराम ठोकलेला. पण गटातल्या बायका विचारायला लागल्या, ‘ताई, असतात का हो असले किरण?’ तेव्हा मी विचारपूस, वाचन सुरू केलं. आणि मैत्रिणींनो, गंमत अशी की किरण खरेच असतात. फक्त ते ‘आज रात्री’ येत नाहीत, ते सतत येतच असतात. आत्ता पेपर धरलेला तुमचा तळहात आहे ना, त्यातून दर सेकंदाला एखाददुसरा कण आरपार जातोय. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसायच्या, तेव्हाही असाच जात होता.

अंतराळातून अतिवेगवान कण, बहुतेक प्रोटॉन, पृथ्वीवर आदळत असतात. ते हवेच्या वरच्या थरात फुटतात आणि त्यातून दुसऱ्या कणांचा पाऊस खाली येतो. त्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. हे किरण वरून येतात हे कळलं १९१२ मध्ये. व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच किलोमीटरहून वर गेला. किरणोत्सार जमिनीतूनच येतो, अशी तोवरची समजूत होती. मग वर जाताना तो कमी व्हायला हवा, पण हेसच्या उपकरणात तो वाढतच गेला.

या कणांना दिसत नसताना मोजायचं कसं? मला सगळ्यांत पटली ती उटीची तऱ्हा. तिथे आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआरचा) ‘ग्रेप्स-३’ नावाचा प्रकल्प आहे. सहा-सहा मीटर लांबीचे चौकोनी लोखंडी पाइप, आत वायू भरलेला आणि मधोमध केसासारखी बारीक तार. म्युऑन पाइपातून गेला की तारेत विजेचा बारीकसा झटका उमटतो, की झाली एकाची नोंद. असे साडेतीन हजारांहून जास्त पाइप काँक्रीटच्या जाड थराखाली रचून ठेवलेत. काँक्रीट अशासाठी, की बाकीचे कण वरच अडावेत आणि म्युऑन तेवढे खाली यावेत. आपण पीठ चाळतो तसंच. दिवसाला सुमारे ४०० कोटी म्युऑन तिथे मोजले जातात.

त्या मेसेजला खरं उत्तर याच पाइपांनी दिलंय. २२ जून २०१५ रोजी सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा मोठा लोट पृथ्वीवर येऊन धडकला आणि पृथ्वीचं चुंबकीय कवच काही काळ कमकुवत झालं. एरवी अडवले जाणारे कॉस्मिक किरण आत शिरले. उटीच्या उपकरणात म्युऑनची संख्या वाढलेली दिसली, तीही जवळजवळ दोन तास! म्हणजे मेसेजमध्ये लिहिलंय तसलं काहीतरी खरोखरच घडलं. आठवतंय का काही? मला तर नाही. आपण जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी डबे भरले. फरक पडला तो मोजणाऱ्यांच्या आलेखात.

आता आपल्या पुण्याकडे येते. विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ आपल्याला जयंत नारळीकरांमुळे माहीत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सगळ्यांसाठी खुली असते. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींना घेऊन मी तिथे गेलेय. भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून सुटला. त्यावर एक उपकरण आहे, त्याचं नाव सीझेडटीआय. ते बनवण्यात आयुकाचाही हात होता आणि त्याचा सगळा कारभार इथूनच, गणेशखिंडीतून बघितला जातो.

गॅमा किरण आणि जोरकस क्ष-किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने गोळा करता येत नाहीत, ते आरपार निघून जातात. म्हणून या उपकरणाच्या तोंडावर भोकं पाडलेला धातूचा पत्रा बसवलाय. खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर जिथे पडते, त्यावरून ऊन कुठून येतंय ते आपल्याला कळतं ना? इथेही तेच. पत्र्याची सावली खालच्या १६ हजारांवर बारीक चौकटींवर पडते, त्यावरून आकाशातली जागा काढायची. ६ ऑक्टोबर २०१५ ला हे उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याला दूरवरचा एक गॅमा किरणांचा स्फोट सापडला. सुनेने पहिल्याच दिवशी पुरणपोळी जमवावी, तसंच म्हणायचं! महाकाय तारा मरतो किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा असा स्फोट होतो. तो काही सेकंद टिकतो, फार तर काही मिनिटं. पुण्याच्या या उपकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाचशेचा आणि २०२३ मध्ये सहाशेचा आकडा गाठला.

आणि हो, किरण जास्त म्हणून उपकरण बंद ठेवायची पद्धत खरोखर आहे, पण ती वर, साडेसहाशे किलोमीटरवर. दक्षिण अटलांटिक महासागरावर चुंबकीय कवच अंमळ पातळ आहे. उपग्रह तिथून जाताना कणांचा मारा वाढतो, म्हणून या उपकरणाचा उच्च दाबाचा वीजपुरवठा तेवढ्यापुरता बंद करतात. तुमच्या उशाखालच्या मोबाइलला ही वेळ येत नाही.

मुलींना हे सगळं सांगितल्यावर एकीने विचारलं, ‘यात बाई कुणी होती का?’ तेव्हा मला बिभा चौधरींची गोष्ट सांगता आली. जन्म १९१३, कोलकात्याच्या. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा डोंगरांवर फोटोच्या प्लेट्स महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवल्या. कॉस्मिक किरणांतले कण प्लेटमधून गेले की बारीक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती शोधत बसायचं. काम डोळे फोडणारं! ‘नेचर’ नियतकालिकात १९४० ते ४२ मध्ये त्यांचे शोधनिबंध आले. नव्या कणाचं वस्तुमान त्यांना हाती लागत होतं, पण महायुद्धामुळे चांगल्या प्लेट्स मिळेनात आणि काम थांबलं. पुढे ब्रिटनमध्ये सेसिल पॉवेल यांनी जास्त चांगल्या प्लेट्स वापरून याच वाटेने शोध लावला. १९५० चं नोबेल त्यांना मिळालं.

बिभाताईंनी मँचेस्टरला जाऊन पीएच. डी. केली आणि १९४९ मध्ये होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली कॉस्मिक किरणांचे प्रयोग झाले, त्यातही त्या होत्या. १९९१ मध्ये गेल्या. चरित्र आलं ते थेट २०१८ मध्ये. २०१९ मध्ये आकाशातल्या एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं. मृत्यूनंतर २८ वर्षांनी. उशीर झाला असं म्हणू नये म्हणतात. मी म्हणते.

गॅमा किरण जमिनीवरून बघायची दुर्बीणही आपल्याकडे आहे. लडाखमध्ये हानले इथे, ४२०० मीटरहून उंचावर. तिचं नाव ‘मेस’. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केली, ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिची आरशांची तबकडी २१ मीटरची आहे. गॅमा किरण हवेत शिरले की निळसर प्रकाशाची एक लखक लकाकी उमटते, सेकंदाच्या काही अब्जांश भाग टिकणारी. ती टिपायची, तर आकाश अगदी काळंकुट्ट हवं. म्हणून २०२२ पासून त्या भागात अंधार राखण्याचे नियम आहेत. रात्री गावातले लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांची तोंडं खाली करतात. पाहुण्यांना तारे दाखवायला गावातल्याच तरुणांना शिकवलंय, त्यांत बायकाही आहेत. दिवसभर घरचं, जनावरांचं आवरायचं आणि अंधार पडला की दुर्बीण लावून उभं राहायचं.