सुबाभळीचा खोडवा नको



उसाचा खोडवा आपण हौसेने राखतो. पण बांधावर, रस्त्याकडेला आणि गायरानात सुबाभळीचा जो खोडवा फुटतो, तो आपल्याला परवडणारा नाही.

सुबाभूळ मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. चारा, जळण व धूपबंदीसाठी १९७०-८० च्या दशकांत तिचा मोठा प्रसार झाला. उरळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या 'बायफ' संस्थेनेही तो केला. हेतू चांगला होता. पण झाड आवरले नाही, तर पसरते. जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज सुबाभळीचे नाव आहे. न्यूझीलंडमध्ये पाइनचे असेच झाले. लाकडासाठी व धूप थांबवण्यासाठी लावलेल्या झाडांचे बी वाऱ्यावर कुरणांत गेले. २०१६ पासून तिथल्या सरकारला ती काढायची देशव्यापी मोहीम चालवावी लागते आहे.

सुबाभळीच्या एका शेंगेत साधारण १५ ते २० बिया. साल टणक, त्यामुळे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून एकदा तोडून भागत नाही. नुसता कोयता चालवला, तर बुंध्यातून चार फुटवे येतात.

मग करायचे काय? पावसाने जमीन ओली झाली, की लहान रोपे मुळासकट उपटावीत. मोठे झाड शेंगा वाळण्याआधी तोडून बुंधा कुदळीने खणून काढावा. पुढची काही वर्षे दर पावसाळ्यात त्या जागी फेरी मारावी. पाटाचा भराव पाटबंधारे खात्याचा. तिथे परवानगीशिवाय हात घालू नये.

पाला जरूर वापरावा, पण जपून. त्यातल्या मिमोसिनमुळे जास्त खाणाऱ्या जनावराचे केस गळतात, अंग धरत नाही. हिरव्या चाऱ्यात त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवावा. घोड्याला देऊच नये. पिकल्या शेंगा चारू नयेत. शेणातून बी शेतात येते.

मोकळ्या जागी करंज, जांभूळ, कडुनिंब, गावठी बाभूळ लावावी. निफाड असो, दिंडोरी असो की सिन्नर, सामाईक मेर असेल तिथे दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून हात लावावा. एकाने काढली अन् दुसऱ्याने राखली, तर कष्ट वाया जातात. सहकाराचा धडा आपल्याला वेगळा सांगायला नको.