पाणी निवळतं, गाळ मात्र विसरत नाही : खाडीच्या चिखलात केमिकल येतं कुठून?

भिवंडी : काल नाल्याला लाल-निळं पाणी आलं होतं. आज भरती येऊन गेली, पाणी साधं दिसतंय. आपल्याला वाटतं, घाण समुद्रात गेली. पण सगळी जात नाही. बरीचशी खाली चिखलात बसते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते.

चिखलात का बसते?

नदीच्या पाण्यात मातीचे बारीक कण तरंगत असतात. क्रोमियम, तांबं, जस्त, शिसं असे धातू त्यांना चिकटतात. खाडीचं खारं पाणी लागलं की या कणांच्या गुठळ्या होतात आणि तळाला बसतात. तिवरांच्या मुळांत पाण्याचा वेग कमी होतो, म्हणून तिथे गाळ जास्त धरतो.

येतं कुठून?

भिवंडीच्या बाजूने कामवारी नदी येते. तिच्यात शहराची गटारं आणि डाईंग-सायझिंगचं सांडपाणी मिसळतं. दुसऱ्या बाजूने उल्हास नदी येते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यातलं सांडपाणी तिला मिळतं. दोन्हींचं पाणी शेवटी वसईच्या खाडीत जातं. त्यात चोरून रिकामे केलेले टँकर वेगळेच. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून केमिकल सोडल्यावर वायू पसरला आणि शेकडो लोकांना त्रास झाला.

आपल्याला काय त्याचं?

चिंबोरी, निवट्या, कालवं चिखलातच वाढतात. त्यांच्या अंगात गेलेले धातू शिजवून जात नाहीत. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याचा पारा खाडीत गेला, मासळीतून लोकांच्या पोटात गेला. १९५६ मध्ये तो आजार उघड झाला. खाडीतला गाळ काढून बंदिस्त करण्याचं काम मात्र १९९० पर्यंत चाललं.

आणखी एक गोष्ट. काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात हवा नसते, म्हणून धातू बांधलेले राहतात. सक्शन पंपाने रेती उपसली की तो चिखल ढवळतो, त्याला हवा लागते आणि धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात.

गावाने काय करावं?

रंगीत पाणी दिसलं की लगेच फोटो काढा. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अर्जात एक ओळ आवर्जून लिहा : "पाण्यासोबत गाळाचाही नमुना घ्यावा." अधिकारी येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं, गाळ जागेवर असतो.

नमुना दोन ठिकाणचा मागा. एक नाल्याच्या तोंडाजवळचा आणि दुसरा वरच्या अंगाचा, जिथे सांडपाणी पोचत नाही. कारण आपल्या काळ्या पाषाणात तांबं, क्रोमियम मुळातच थोडं असतं. खडकातलं किती आणि माणसाने टाकलेलं किती, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच कळतं.