चिंटूबरोबर पहिल्या दिवशी कोण होते?

विनोदी चित्रमालिकेतील बारीकसारीक तपशिलांवरून चांगली शहाणीसुरती माणसे हमरीतुमरीवर येतात, ही गोष्ट पुष्कळांना हास्यास्पद वाटते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये प्रथम अवतरला. हा शाळकरी मुलगा रीतसर वाढला असता, तर आज चाळिशीच्या घरात असता आणि स्वतःच्या मुलांना अभ्यासावरून रागावत असता. तो वाढला नाही. त्याचे वाचक मात्र वाढले. त्यांतले कोणी मास्तर झाले, कोणी कचेरीत लागले. तरीही चिंटू नेमका कितवीत, बगळ्याला 'बगळ्या' हे नाव कोणी ठेवले, जोशीकाकूंचे घर चिंटूच्या घराच्या कोणत्या अंगाला, असे प्रश्न निघाले की ही मंडळी हातातले काम बाजूला ठेवतात.

असा एक वाद प्रस्तुत लेखकाच्या कानांवर पडला तो पुसेगावात. पुसेगाव म्हटले की बहुतेकांना सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील. (एका नावाची दोन गावे असली की टपालाचे काय होते, ते तेथल्या लोकांनाच विचारावे.) वाद एक शिक्षक आणि एक लिपिक यांच्यातला. शिक्षकांचे म्हणणे, पहिल्याच दिवशी चिंटूबरोबर पप्पू होता. लिपिक म्हणत होते की त्या दिवशी चिंटू घरातच होता, मित्र मागाहून आले. शिक्षकांनी आपल्या बालपणीच्या आठवणीची साक्ष काढली. त्यावर लिपिकांनी विचारले, "गुरुजी, हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. पुण्याचा अंक इकडे शिळा होऊन यायचा, तोही रोज येईलच असे नाही. तुम्ही पहिला म्हणता तो तिसरा-चौथा कशावरून नव्हे?"

हा आक्षेप साधा नव्हे. साक्षीदार पूर्ण प्रामाणिक असूनही त्याची साक्ष चुकीची कशी ठरू शकते, हे त्या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगितले. इतिहास-संशोधनाच्या वर्गात याला साधनचिकित्सा म्हणतात आणि ती शिकवायला वर्ष घालवतात. येथे ती एका व्यंगचित्राच्या ओढीने आपसूक घडत होती.

इंग्रजांनी तर अशा वादाला प्रतिष्ठाच मिळवून दिली. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्डमध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सेसाठी पंडित जी पद्धत वापरत, तीच त्यांनी गंभीर चेहऱ्याने होम्सला लावली. उद्देश थट्टेचा होता. पण वाचकांनी ती थट्टा मनावर घेतली. डॉ. वॉटसनला गोळी लागली ती एका कथेत खांद्याला, दुसरीत पायाला. नाव जॉन असताना त्याची बायको एके ठिकाणी त्याला जेम्स म्हणते. लेखक कॉनन डॉयल यांचा हा निव्वळ विसराळूपणा, असे म्हणून वाद मिटवता येतो. वाचकांना तो मिटवायचा नसतो, आणि त्यातच त्यांचा आनंद आहे.

आपल्याकडे तरी हे वेड नवे कोठे आहे? अर्ध्या मात्रेची बचत झाली तर वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपले पूर्वज म्हणत. संत नामदेवांचा जन्म याच हिंगोली जिल्ह्यातील नरसीचा की पंढरपूरचा, हा वाद अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत, आणि नरसीच्या माणसाला तो क्षुल्लक आहे असे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले व १९६६ मध्ये पूर्ण केले. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी तर त्यासाठी आयुष्य वेचले. एकेका शब्दाच्या पाठासाठी हस्तलिखिते शेजारी-शेजारी मांडून पाहिली गेली; त्यांची संख्या १,२५९ सांगतात. विषयाची थोरवी अर्थातच वेगळी. पण 'मूळ काय होते?' हा प्रश्न तोच, आणि तो सोडवण्याची रीतही तीच.

फरक आहे तो साधनांत. त्या पोथ्या कोणीतरी लाल फडक्यात गुंडाळून शतकानुशतके जपल्या, म्हणून पाठ ताडून पाहता आले. उलट १९९१ सालचे वृत्तपत्र, ज्याच्या असंख्य प्रती छापल्या गेल्या, ते पुसेगावात औषधालाही मिळणार नाही. त्याचे भज्यांचे पुडे झाले, डब्यांच्या तळाशी ते अंथरले गेले, उरलेले रद्दीवाल्याच्या तराजूत गेले. हाताने लिहिलेले टिकले आणि यंत्राने छापलेले नाहीसे झाले! त्यात कागदही बेइमान. वृत्तपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातील लिग्निन हे द्रव्य तसेच राहते. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होऊन घडीवर तुटतो.

चिंटूचे संग्रह निघाले आहेत ना, असे कोणी म्हणेल. निघाले आहेत आणि ते जरूर वाचावेत. पण संग्रह हा संग्रह असतो. अमुक दिवशीच्या चित्राशेजारी कोणती बातमी होती, निवडणूक होती की दुष्काळ, हे त्यातून कळत नाही. आणि विनोदाचा अर्धा जीव त्या शेजारात असतो. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' पुण्यात आणि वरळीला पुतळ्याच्या रूपाने उभा आहे, पण त्या दिवशीच्या बातमीवाचून त्याचे मौन कळायचे कसे? संगणकावर सर्व काही आहे, ही समजूतही फारशी भरवशाची नाही. मालकाने वीज आणि जागा यांचा खर्च थांबवला की तो साठा एका रात्रीत दिसेनासा होतो, आणि त्याची रद्दीसुद्धा उरत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळते, ग्रंथांची नोंद होते, तपासणी होते. वृत्तपत्रे मात्र वाचून झाली की विकायचीच, असा रिवाज पडला आहे. सगळी वृत्तपत्रे सांभाळा, असे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. पण तालुक्यातील एका तरी ग्रंथालयाने एक दैनिक निवडावे, महिन्यामहिन्याचे अंक सपाट बांधून कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवावेत, इतके अशक्य आहे काय? एका कपाटाची किंमत ती काय, आणि ते काम एखादा शिक्षक चार विद्यार्थ्यांना हाताशी धरून करू शकेल.

घरोघरी कात्रणे जपणारी माणसे आहेत, त्यांना एक विनंती. चित्र कापताना सगळे जण चौकटीला धरून सुबक कापतात आणि पानाच्या डोक्यावरची तारीख नेमकी केरात जाते. तारीख मागे पेन्सिलीने लिहून ठेवावी. ज्यांनी लिहिली नसेल त्यांनी कात्रण उलटून पाहावे. पाठीमागे कोणाच्या निधनाची अर्धी बातमी असेल, एखाद्या सामन्याचा धावफलक असेल, नाहीतर हळदीचे भाव असतील. आणि हळदीचा त्या दिवशीचा भाव बाजार समितीच्या जुन्या नोंदींत सापडू शकतो.