ट्रिपल सीट आणि उताराचं गणित

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. समजा, तिथे दोन सारखेच ट्रक उभे केले. एक रिकामा, दुसरा गच्च भरलेला. दोघांनाही न्यूट्रलमध्ये सोडून दिलं, तर आधी खाली कोण पोहोचेल? कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. बहुतेक जण म्हणतील, ‘ऑब्वियसली भरलेला! वजन जास्त ना!’

खरं उत्तर आहे : जवळजवळ बरोबरीनेच. जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते, हे बरोबर. पण जड वस्तूला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. त्यामुळे हिशोब फिट्टंफाट होतो. थोडाफार फरक पडतो तो हवेच्या अडथळ्यामुळे. जिथे हवाच नाही तिथे तोही नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदमच सोडलं. दोन्ही एकाच वेळी खाली टेकले. गॅलिलिओचं म्हणणं त्याने टीव्हीवर सगळ्या जगाला दाखवून दिलं.

मग वजनाने बिघडतं काय? बिघडतं ते थांबणं. दोन्ही ट्रक सारख्याच वेगाने खाली येतील, पण त्यांना थांबवायला लागणारी ताकद मात्र अजिबात सारखी नसेल.

आकडे घालून बघू. २५ टनांचा ट्रक घाटातून ३०० मीटर उंची उतरला, तर साधारण ७ कोटी ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत सव्वादोनशे लिटर पाण्याला, म्हणजे एका मोठ्या ड्रमभर पाण्याला उकळी फुटेल! ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर उतरला, तर यातली बरीचशी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड कमी होत जाते. पाय पूर्ण दाबलेला, तरी गाडी थांबत नाही.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं किंवा इंजिन बंद केलं, की हा आधार गेला. शिवाय एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका मालट्रकने एकामागोमाग एक गाड्या उडवल्या. अनेक वाहनांचं नुकसान झालं. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं.

रेल्वेने हे गणित केव्हाच ओळखलंय. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, इतका तीव्र उतार आहे. म्हणून तिथे चढताना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. आणि उतरताना गाडी ताब्यात राहिली नाहीच, तर तिला वळवून थांबवता यावं म्हणून कॅच सायडिंग, म्हणजे वेगळे रूळ टाकून ठेवलेत.

‘हे सगळं ट्रक-ट्रेनचं झालं, आमचा काय संबंध?’ आहे ना. आता आपल्या स्कूटरवर या.

स्कूटर साधारण ११० किलोची. ६० किलोचा एक जण बसला की १७० किलो. तिघं बसले की २९०, म्हणजे १.७ पट. एकटे असताना ज्या जोराने ब्रेक दाबून तुम्ही १० मीटरमध्ये थांबता, तेवढ्याच जोराने दाबला तर ट्रिपल सीटला १७ मीटर लागतील. वरचे सात मीटर म्हणजे जवळपास दोन छोट्या कार. सिग्नलला पुढे रिक्षा थांबलेली असेल, तर हे सात मीटर आणायचे कुठून?

‘मग जोरात दाबू की ब्रेक!’ दाबा, पण त्याला लिमिट आहे. स्कूटरचे ब्रेक दोघांच्या हिशोबाने बनवलेले असतात. त्यात पावसात रस्ता निसरडा असला, की चाक लॉक होऊन घसरायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट. तिसरा बसतो तो पार मागे. मागचं टोक दबतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल लागतं. चढावर तर जास्तच. ज्या चाकाने वळायचं, त्याचीच रस्त्यावरची पकड कमी!

त्यात वेग वाढला तर विचारूच नका. वजन दुप्पट झालं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर चौपट. ४० वरून ६० वर गेलात तरी सव्वादोन पट. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ मध्ये चालकामागे एकालाच बसायची परवानगी आहे. पोलीस मामा चौकात दिसले की तिसरा उतरून चालत पुढे जातो आणि वळणावर पुन्हा बसतो. पावती वाचते, पण ते सात मीटर तसेच राहतात.

तेव्हा पावसाळ्यात सिंहगड किंवा ताम्हिणीचा प्लॅन ठरला, की एवढं लक्षात ठेवा. तिसऱ्यासाठी आणखी एक गाडी काढा, नाहीतर सरळ बस पकडा. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. मागे कुणी बसलं असेल, तर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. आणि घाटात भरलेल्या ट्रकच्या पुढे मोकळी जागा दिसली म्हणून स्कूटर आत घुसवू नका. ती जागा ड्रायव्हरने थांबण्यासाठीच ठेवलेली असते. तुम्ही शिरलात, की त्याला थांबायला जागा उरत नाही. आणि त्याच्यापुढे असता तुम्ही.